वैनगंगेचं पाणी जातं तिकडं : राजमहेंद्री, कोनसीमा, अंतर्वेदी

भंडाऱ्यावरून वाहत जाणारं वैनगंगेचं पाणी समुद्राला मिळण्याआधी शेवटचं ज्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, शिरतं, त्या बांध्या पाहायच्या म्हणून आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आई. आईचं उभं आयुष्य धानात गेलं. पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणी, निंदण, कापणी, चुरणा हेच तिचं कॅलेंडर. यंदा आमची रोवणी लवकर आटोपली आणि श्रावण लागायला अजून आठवडा होता. नागपूरहून विजयवाड्यामार्गे जाणारी रात्रीची गाडी पकडली. निघताना बातम्यांत वैनगंगेवर भंडाऱ्याच्या खाली असलेल्या गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्याचं सांगत होते. आई म्हणाली, "आपलं पाणी आपल्या आधी पोचते का पाहू."

शुक्रवार : राजमहेंद्री

कोव्वूर स्टेशन मागं पडलं की गाडी पुलावर चढते आणि डब्यातली सगळी माणसं खिडकीकडं सरकतात. पात्र इतकं रुंद आहे की नदी संपायचं नावच घेत नाही. पाणी तांबडं, गढूळ, मधूनमधून अख्खी झाडं वाहून चाललेली. शेजारी जुन्या हॅवलॉक पुलाचे दगडी खांब दिसतात. १९०० साली सुरू झालेला तो पूल १९९७ मध्ये बंद झाला. त्यानंतरचा कमानींचा पूल आणि १९७४ चा वर रस्ता, खाली रेल्वे असलेला पूल असे दोन्ही हॅवलॉकच्या सोबतीला उभे आहेत. समोरच्या बाकावरच्या आजींनी नदीत नाणं टाकलं आणि आईच्याही हातावर एक ठेवलं. आईनं ते डोळ्यांना लावून सोडलं.

गावाचं सरकारी नाव आता राजमहेंद्रवरम आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे राजमंड्रीच म्हणतात. स्टेशनातून बाहेर आलो आणि दमटपणानं गाठलं. तापमान फार नव्हतं, बत्तीसच्या आसपास, पण अंगावरचा घाम वाळेचना. आमच्याकडं पावसाळ्यात ऊन पडलं तरी वारा कोरडा लागतो. इथं वारा समुद्रावरून येतो आणि रात्रीही पारा पंचविसाच्या फारसा खाली जात नाही. हिवाळ्यातही कडाक्याची थंडी नसते. त्यामुळंच कालव्याला पाणी असलं तर धानाचं दुसरं पीक निघतं. पावसाळ्यातलं सार्वा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कापणीला येणारं दाळ्वा.

संध्याकाळी पुष्कर घाटावर गेलो. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या, पोलिसांनी दोर बांधला होता. तिथं पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोजच्यासारखे पाणी बघायला आले होते. आम्ही भंडाऱ्याचे आहोत म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "वैनगंगा?" मग त्यांनी वाळूवर काठीनं नदी काढली. नाशिककडून येणारं गोदावरीचं पाणी पैठणच्या आणि त्याखालच्या धरणांत अडतं, इथवर फार थोडं येतं. इथला पूर आणतात प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी. वर्धा आणि वैनगंगा गडचिरोलीत चपराळ्याजवळ मिळतात, त्यांची प्राणहिता होते आणि सिरोंचापाशी ती गोदावरीला मिळते. गोदावरीची ती सर्वांत मोठी उपनदी. म्हणजे त्र्यंबकेश्वराला उगम पावलेल्या नदीचं नाव घेऊन इथं जे वाहतं, त्यात मोठा वाटा आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पावसाचा असतो. आई बराच वेळ त्या वाळूवरच्या रेघांकडं पाहत होती.

राजमहेंद्रीची जागाही समजून घेण्यासारखी आहे. वर पापीकोंडलूच्या डोंगरांत नदी अगदी अरुंद होते, पोलावरमपाशी डोंगर सोडते आणि या गावापर्यंत येता येता पसरते. पुढं समुद्रापर्यंत एकही टेकडी नाही. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम चौदा मीटर उंच, आणि समुद्र अजून सत्तरेक किलोमीटर दूर. एवढ्या अंतरात पाण्याला उतार तो किती मिळणार? ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढच्या दिवसांत पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टींचा उलगडा होतो.

पापीकोंडलूच्या बोटी पुरात बंद असतात, तेव्हा जुलै ते सप्टेंबर त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कच्चुलूरूजवळ बोट उलटून बरीच माणसं गेली, तेव्हापासून तपासणी कडक झाली आहे. तरी लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, नुसतं शेजारी ठेवून नको. आणि मे महिन्यात इकडं फिरकूच नये, पारा ४५ च्या घरात जातो, त्यात हा दमटपणा.

शनिवार : दौलेश्वरम

सकाळी पेसरट्टू खाल्ला. हिरव्या मुगाचा डोसा, आत उपमा, वर आलं-मिरची. आईला तो इतका आवडला की तिनं आचाऱ्याला खुणांनीच विचारून मूग किती वेळ भिजवायचे ते समजून घेतलं.

दौलेश्वरम राजमहेंद्रीला लागूनच आहे. इथं इंग्रज अभियंते सर आर्थर कॉटन यांचं बॅरेज आणि त्यांचं संग्रहालय. १८३० च्या दशकात या भागात मोठा दुष्काळ पडला, १८३९ मध्ये चक्रीवादळानं किनारा धुऊन नेला. नदी दारातून वाहत असताना माणसं उपाशी मरत होती. कॉटन यांनी नदी पाहिली, आराखडा मांडला आणि १८४७ ते १८५२ या काळात दौलेश्वरमला बंधारा उभा राहिला. नदीतल्या बेटांचा आधार घेत तो चार तुकड्यांत बांधलेला होता. पुढं त्याच्या जागी आजचं १७५ दरवाजांचं बॅरेज झालं. यातून निघणाऱ्या कालव्यांवर दहा लाख एकरांच्या आसपास जमीन भिजते.

कॉटन यांचे पुतळे या मुलखात जागोजागी आहेत, आणि त्यांच्या गळ्यात ताजे हार असतात. इंग्रजाचा पुतळा शेतकऱ्यांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारावा, हे आधी विचित्र वाटलं. संग्रहालयात एक म्हातारे शेतकरी भेटले, तेही नातवाला घेऊन आले होते. ते म्हणाले, "आमच्या आजोबांच्या आजोबांनी पहिलं पोटभर जेवण या बंधाऱ्यानंतर केलं." राज्य परक्यांचं होतं, शेतसाराही त्यांनाच हवा होता, हे सगळं खरं. पण उपाशी माणसाच्या पानात भात पडला, हेही तितकंच खरं, आणि त्या माणसानं ते विसरायचं नाही असं ठरवलं आहे.

बॅरेजवर त्या दिवशी पहिला इशारा लागला होता. इथला हिशेब तिथल्या पोराटोरांना पाठ असतो. पाणी ११.७५ फुटांवर गेलं की पहिला इशारा, म्हणजे दहा लाख क्युसेक. १३.७५ फुटांना दुसरा, तेरा लाख. १७.७५ ला तिसरा, सतरा लाख. १९८६ च्या ऑगस्टमध्ये इथून पस्तीस लाख क्युसेक पाणी गेलं होतं. सगळे दरवाजे वर, आणि खालून पाण्याचा असा आवाज की शेजारच्या माणसाशी बोलायला कानाला लागावं लागत होतं. वर भद्राचलमला पाणी किती हे टीव्हीवर सतत सरकत असतं, कारण तिथलं पाणी साधारण दिवसभरात इथं पोचतं. गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले की आम्ही भंडाऱ्यात पाणी उतरेल म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. त्या पाण्याची धास्ती घेऊन इथं माणसं जागी राहतात, याचा विचार मी आजवर केला नव्हता.

दुपारी पुलसा. समुद्रातला हिल्सा मासा लाल पाणी आलं की अंडी घालायला नदीत उलटा चढतो आणि गोड्या पाण्यात त्याची चव बदलते. तोच पुलसा. बॅरेज आडवं असल्यानं त्याची धाव इथपर्यंतच. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी इथली म्हण आहे, आणि भाव ऐकल्यावर म्हण अतिशयोक्तीची वाटत नाही. मोठ्या माशाच्या लिलावाच्या बातम्या छापून येतात. आम्ही एका खानावळीत एक वाटी घेतली, चिंचेचा दाट रस्सा, भेंडी, मातीच्या भांड्यात आदल्या रात्री शिजवून मुरवलेला. काटे बारीक आणि असंख्य. आषाढ असल्यानं आईनं मनापासून खाल्ला. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : ओरिसा-बंगालहून आलेला हिल्साही पुलसा म्हणून खपवतात. ओळखीच्या माणसाला घेऊनच खरेदी करा, आणि जून-जुलैचं लाल पाणी येण्याआधी कुणी पुलसा देऊ लागला तर घेऊ नका.

रविवार : कोनसीमा

दौलेश्वरमच्या खाली गोदावरी फाटते. पूर्वेला गौतमी, पश्चिमेला वसिष्ठा, आणि वसिष्ठेतून पुढं वैनतेया. या फाट्यांच्या मधला प्रदेश म्हणजे कोनसीमा. गाडीवाले भाऊ पन्नाशीचे. बरीच वर्षं आखातात काढल्यामुळं त्यांना हिंदी छान येत होती. कोनसीम्यातल्या पुष्कळ घरांतून कुणी ना कुणी आखातात आहे. आईला ते पहिल्यापासून अम्मा म्हणत होते.

कडियमच्या रोपवाटिका कालव्याच्या काठानं लागून आहेत, त्या गाडीतूनच पाहिल्या. आत्रेयपुरमला थांबलो ते पूतरेकुलूसाठी. तांदळाचं पातळ पीठ, त्यात बुडवलेलं फडकं, आणि चुलीवर उपडं ठेवलेलं गुळगुळीत मडकं. बाईनं फडकं मडक्यावरून एकदा फिरवलं आणि क्षणात कागदासारखा पापुद्रा सुटून आला. त्यावर तूप, गूळ किंवा साखर, आणि घडी. २०२३ मध्ये या मिठाईला भौगोलिक मानांकन मिळालं. आईनं हात धुऊन एक पापुद्रा काढून पाहिला, तो फाटला, दुसरा निघाला. त्या बाईंनी तो वेगळा बांधून दिला. पूतरेकुलूंसाठी डबा मात्र कडक घ्या, पिशवीत चुरा होतो.

मग धान सुरू झालं. जिकडं पाहावं तिकडं पाणी भरलेल्या बांध्या, त्यांत रोवणीच्या बायांच्या रांगा, धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, नारळ. आईनं गाडी थांबवायला लावली. ती पायताण काढून धुऱ्यावरून चालत गेली, चिखलात हात घालून पाहिला, मुठीत दाबून पाहिला. काळी, चिकट, बारीक गाळाची माती, खडा नावाला नाही. "ही तं आपलीच माती," ती म्हणाली, "वाहून इथं आली." रोवणीच्या बायांनी तिला हाक मारली, हातात रोपांची जुडी दिली, आणि आई ओचा खोवून त्यांच्या रांगेत उभी राहिली. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळत नव्हती. तिचा हात त्यांच्यापेक्षा जरा सावकाश पडत होता, पण ओळ सरळ होती, आणि मुकादम बाईनं मान डोलावली.

शेताच्या मालकाशी बोलताना खरा प्रश्न कळला. मी विचारलं होतं, पाणी पुरतं का? ते म्हणाले, पाणी येण्याची अडचण नाही, जाण्याची आहे. उतारच नाही. कालव्यानं आणलेलं आणि आभाळातून पडलेलं पाणी ड्रेनमधून समुद्राकडं जायला हवं. ते ड्रेन गाळानं आणि पाणकणसानं भरलेले, शिवाय भरतीच्या वेळी समुद्रच पाणी मागं लोटतो. रोवणीनंतर चार दिवस मुसळधार झाली की रोप बुडून कुजतं. २०११ च्या खरिपात कोनसीम्यातल्या शेतकऱ्यांनी पेरणीच केली नाही, पीकसुट्टी जाहीर केली. खर्च निघत नाही, भाव मिळत नाही आणि निचरा होत नाही, ही त्यांची कारणं. त्यांपैकी निचऱ्याचं रडगाणं अजून संपलेलं नाही. काहींनी कंटाळून धानाच्या जागी कोळंबीची तळी काढली, आणि त्यांचं खारं पाणी झिरपून शेजारच्याच्या बांधीत उतरतं.

आम्ही पूर्व विदर्भातले लोक पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवत आलो. मालगुजारी तलाव, बोड्या, उंच धुरे. इथं तीच माणसं, तेच धान, आणि सगळी धडपड पाणी काढून देण्याची. आईला हे ऐकून वाईट वाटलं. "आपण सोडतो ते या लोकायले जड होते," एवढंच ती बोलली.

पावसाचा तालही वेगळा. आमच्याकडं सप्टेंबरनंतर आभाळ मोकळं होतं आणि धान उन्हात पिकतं. इथं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाऊस येतो, बंगालच्या उपसागरातली वादळंही तेव्हाच, नेमकं लोंबी भरून वाकलेली असताना. ६ नोव्हेंबर १९९६ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात हजारावर माणसं गेली. नारळाची झाडं मुळासकट आडवी झाली. त्या मालकांच्या वडिलांनी पुन्हा रोपं लावली, आज जी बाग दिसते ती त्यांची.

दुपारचं जेवण त्यांच्याच घरी झालं. मधोमध उघडा खोलगट चौक, चारही बाजूंची छपरं आत उतरती, पावसाचं पाणी चौकात पडून मोरीनं बाहेर. मुद्दपप्पू म्हणजे घट्ट वरण, त्यावर तूप, आवकाय लोणचं, गोंगुऱ्याची चटणी आणि भात. वाढणाऱ्या माउलींचा हात थांबेना. पुढं पी. गन्नवरमचा जलसेतू पाहिला. खाली वैनतेया नदी आणि तिच्यावरून पुलानं वाहणारा कालवा. नव्या सेतूला डोक्का सीतम्मा यांचं नाव दिलं आहे. एकोणिसाव्या शतकात या वाटेनं नदी ओलांडणाऱ्या कुणालाही, कुठल्याही वेळी, त्या जेवू घालत. घरी नुकतंच जे अनुभवलं त्यानंतर ते नाव वाचताना बरं वाटलं.

सोमवार : लंका आणि अंतर्वेदी

नदीपात्रातल्या गाळाच्या बेटांना इथं लंका म्हणतात. त्यांवर गावं आहेत, केळी आहेत, भाजीपाला आहे, थंडीत तंबाखू. जमीन सोन्यासारखी, पण दर पावसाळ्यात रस्ता जातो. कनकायलंकेचा कॉजवे पाण्याखाली होता. दुधाचे कॅन, शाळेची मुलं, एक आजारी आजोबा, सगळे होडीतून चाललेले. कुणाच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती, मुलांच्या दप्तरांवर प्लास्टिकच्या पिशव्या नीट बांधलेल्या होत्या. एका गुरुजींनी सांगितलं की दुसरा इशारा लागला की गुरं आधी हलवतात, माणसं नंतर.

अंतर्वेदीला लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ आहे आणि पलीकडं वसिष्ठा समुद्राला मिळते. त्या जागेला अन्ना-चेल्लेला गट्टू म्हणतात. गढूळ पाणी आणि निळसर खारं पाणी यांच्यातली रेघ तिथून स्पष्ट दिसते. आई गुडघाभर पाण्यात उतरली आणि वैनगंगेची ओटी भरली. खण आणि नारळ तिनं घरूनच आणला होता, मला माहीत नव्हतं.

तिथले कोळी सांगत होते, किनारा मागं सरतो आहे. पूर्वी नदी गाळ आणून जमीन वाढवायची. आता वरच्या धरणांत गाळ अडतो, आणि समुद्राची लाट मात्र पूर्वीसारखीच खाते. पाणी अडवणारे आम्हीही त्यात आलोच.

अंतर्वेदीला राहायची सोय साधी आहे, अमलापुरम किंवा दिंडीला मुक्काम बरा. सखिनेटिपल्लीहून नरसापूरला होडीवरून गाडीसकट पलीकडं जाता येतं, पण पुरात ती बंद असते. आम्ही चिंचिनाड्याच्या पुलावरून वळसा घेतला.

मंगळवार : मारुतेरू

परतीच्या वाटेवर आईचा एकच हट्ट होता, मारुतेरू. १९२५ पासून इथं भातसंशोधन केंद्र आहे. आमच्याकडं ज्याला नुसतं 'दहा-दहा' म्हणतात तो १०१० वाण इथलाच. नावापुढचं एमटीयू म्हणजे मारुतेरू, आणि त्याचं तेलुगू नाव कॉटनदोरा सन्नालू, म्हणजे कॉटनसाहेबांचा बारीक तांदूळ. १९८२ चा स्वर्णा, एमटीयू ७०२९, तोही इथलाच. वसिष्ठा आणि महसुरी या वाणांच्या संकरातून तो आला. आमच्या घरात दोन्ही वाण वर्षानुवर्षं पिकले. पाणी आमच्याकडून खाली येतं आणि बी इथून वर जातं, हे आईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्यानं वेळ काढून प्रात्यक्षिकाच्या बांध्या दाखवल्या. पाण्याखाली राहूनही जगणारा स्वर्णा-सब१ दोन आठवड्यांपर्यंत बुडालेला राहू शकतो, पाणी ओसरलं की पुन्हा फुटतो. आईनं विचारलं, फुटवे किती येतात? लोळतो का? भाताला चव कशी? त्यानं प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर दिलं आणि मी हिंदी-मराठी करत राहिले. वैनगंगेकाठची आमची खालची बांधी २०२० च्या ऑगस्टमधल्या पुरात गेली होती. पुढच्या खरिपाला तिथं हा वाण लावून पाहायचं तिनं धुऱ्यावर उभ्या उभ्याच ठरवलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हिरवं धान आणि भरलेली नदी पाहायची तर जुलैअखेर ते ऑगस्ट, पण हातात एखादा दिवस जास्तीचा ठेवा आणि रोज सकाळी बॅरेजची पातळी विचारून मगच निघा. फिरायला सोपा काळ डिसेंबर-जानेवारीचा, तेव्हा दाळ्वाची रोवणी चालू असते. २०२७ मध्ये गुरू सिंह राशीत असताना गोदावरीचं पुष्करम, म्हणजे बारा वर्षांनी येणारी नदीस्नानाची पर्वणी, आहे. नाशिकचा सिंहस्थही त्याच योगावर भरतो. त्या दिवसांत राजमहेंद्रीत खोली मिळणं कठीण, आणि २०१५ च्या पुष्करमात पहिल्याच दिवशी घाटावर चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली होती. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर पहिला दिवस टाळा आणि खालच्या गावातल्या लहान घाटावर स्नान करा. पाणी तेच आहे.